बी-५२, टीयू-९५ की एच-६? म्हाताऱ्या बॉम्बर विमानांची तुलना आणि आपल्यापुढचा प्रश्न

अमेरिकेच्या हवाई दलाने २०१८ च्या सुरुवातीला आपल्या बॉम्बर विमानांचा हिशोब मांडला. हाताशी तीन जाती होत्या. बी-५२, ज्यातलं शेवटचं विमान ऑक्टोबर १९६२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं. बी-१बी, ज्यातलं शेवटचं १९८८ मध्ये आलं. आणि रडारला सहजासहजी न सापडणारं बी-२, जे १९८९ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे बी-२१ हे नवं विमान येणार होतं, त्याच्यासाठी माणसं, पैसा आणि जागा मोकळी करायची होती. ठरलं ते असं: बी-१बी आणि बी-२ जाणार, बी-५२ राहणार आणि २०५० पर्यंत उडणार. धाकटी दोघं घरी, थोरलं कामावर.

या निर्णयामागचं गणित समजलं तर आपल्याकडच्या एका वादाचंही उत्तर सापडतं. चीनची एच-६ विमानं हिमालयापलीकडच्या तळांवर दिसली की भारतानेही लांब पल्ल्याचं बॉम्बर घ्यावं ही मागणी पुन्हा वर येते. २०२२ मध्ये तर रशियाकडून टीयू-१६० घेण्याच्या बातम्याही फिरल्या. अशा चर्चेत दोन तट ठरलेले असतात. एकाच्या मते साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं विमान म्हणजे भंगार. दुसऱ्याच्या मते जुनं ते सोनं. मला दोन्ही पटत नाहीत. ज्याला या विषयावर स्वतःचं मत ठरवायचं आहे त्याच्यासाठी अमेरिकेचं बी-५२, रशियाचं टीयू-९५ आणि चीनचं एच-६ यांची ही तुलना.

आधी काम बघा

बॉम्बरचं मूळ काम सरळ होतं. शत्रूच्या डोक्यावर जायचं, पोटाखालची दारं उघडायची, बॉम्ब सोडायचे, परत यायचं. १९५० च्या दशकात उंची हेच संरक्षण होतं. विमानविरोधी क्षेपणास्त्रं आली आणि ते संरक्षण संपलं. मग जमिनीला चिकटून उडायचा प्रयोग झाला. बी-५२ ची बांधणी पातळ, शांत हवेसाठी केलेली होती. खालची दाट, खवळलेली हवा त्याच्या सांगाड्याला मानवली नाही. जानेवारी १९६४ मध्ये चाचणीवर असलेल्या एका बी-५२ चं शेपटावरचं उभं पाखं वादळी हवेत जवळजवळ पूर्ण तुटून गेलं. वैमानिकांनी ते विमान तसंच, शेपटाविना, काही तास उडवत आणून सुखरूप उतरवलं. त्याचा फोटो उपलब्ध आहे. मागच्या टोकाला जिथे दोन मजली घराएवढं पाखं असायला हवं तिथे नुसतं आकाश दिसतं.

व्हिएतनाम युद्धात डिसेंबर १९७२ मध्ये हनोई आणि हायफाँगवर अकरा रात्री हल्ले झाले. त्यात पंधरा बी-५२ पाडली गेली. क्षेपणास्त्रांनी राखलेल्या शहराच्या डोक्यावरून जाणं या विमानाचं काम राहिलं नव्हतं, हे तिथे रक्त सांडून सिद्ध झालं.

आता १६ जानेवारी १९९१ कडे या. लुईझियाना राज्यातल्या बार्क्सडेल तळावरून सात बी-५२ उडाली, हवेतल्या हवेत पुन्हापुन्हा इंधन भरत सौदी अरेबियापर्यंत पोहोचली, तिथल्या आकाशातून त्यांनी इराकवर ३५ क्रूझ क्षेपणास्त्रं, म्हणजे लहान विमानासारखी उडत दूरच्या लक्ष्यावर जाणारी, सोडली आणि वळून घरी आली. एकूण ३५ तास. इराकच्या आकाशात जायची वेळच आली नाही. पुढचं अंतर क्षेपणास्त्राने कापलं.

सगळी गोम या बदलात आहे. हल्ला करण्याचं अवघड काम क्षेपणास्त्राकडे गेलं आणि विमानाकडे उरली वाहतूक. वाहतुकीला काय लागतं? भरपूर इंधन मावणारं पोट, जड ओझं पेलणारे पंख, वीज आणि यंत्रं वाढवायला जागा, आणि तासन् तास चालत राहणारी इंजिनं. यातलं बरंचसं १९५० च्या दशकातल्या अभियंत्यांना उत्तम जमलेलं होतं. एसटीच्या कार्यशाळेत जुन्या गाडीची चॅसिस तपासून तिच्यावर नवी बॉडी चढवतात, तेव्हा चॅसिस किती सालची आहे यापेक्षा ती वाकली आहे का, तिचे सुटे भाग मिळतात का, हे बघितलं जातं. इथेही तोच विचार.

म्हणून तुलना करताना मी चारच गोष्टी पाहतो. किती ओझं किती दूर नेतं. शत्रूपासून किती लांब थांबून काम करू शकतं. सांगाडा आणि इंजिन अजून किती टिकेल. आणि जमिनीवर उभं असताना ते सुरक्षित आहे का. चौथा मुद्दा लोक विसरतात. जून २०२५ नंतर तो विसरणं परवडणारं नाही.

बी-५२: सांगाडा म्हातारा, आतडी नवी

या विमानाचा जन्म ऑक्टोबर १९४८ मधल्या एका शनिवार-रविवारी झाला. बोइंगचे अभियंते पंख्याच्या इंजिनांचा आराखडा घेऊन डेटन शहरात हवाई दलाकडे गेले होते. तिथे त्यांना सांगण्यात आलं, जेट घेऊन या. ते हॉटेलवर परतले, दोन दिवसांत नवा आराखडा लिहून काढला आणि दुकानातून बाल्साचं हलकं लाकूड आणून छोटी प्रतिकृतीही तयार केली. सोमवारी सादर झालेला तो आराखडा म्हणजे मुळात आजचंच बी-५२. पहिलं उड्डाण १५ एप्रिल १९५२ ला झालं. एकूण ७४४ बांधली गेली, त्यांतली शेवटच्या 'एच' प्रकारची ७६ आज वापरात आहेत.

ओझं सुमारे ३१ टन. हवेत इंधन न भरता पल्ला सुमारे १४,००० किलोमीटर. या दोन आकड्यांना आजही सहज मागे टाकता येत नाही.

मला या विमानात सगळ्यात आवडतात ते पंख. जमिनीवर उभं असताना इंधनाच्या भाराने ते खाली झुकलेले असतात, इतके की टोकांजवळ आधाराला एकेक लहान चाक लावलं आहे. उड्डाणासाठी धावताना आधी पंख वर उचलले जातात, ती लहान चाकं जमिनीपासून सुटतात, आणि मग मागाहून विमानाचं धड उठतं. म्हशीने पाण्यातून उठावं तसं, सावकाश. हा लवचिकपणाच त्याच्या आयुष्याचं एक कारण आहे. दुसरं कारण असं की ही विमानं बांधली तेव्हा संगणकावर काटेकोर हिशोब करून धातू वाचवण्याची पद्धत नव्हती. अभियंत्यांनी हात सैल सोडून मजबुती दिली. आणि शीतयुद्धाचा मोठा काळ यातली बरीच विमानं अण्वस्त्रं लावून धावपट्टीशेजारी सज्ज उभी राहिली. वयाने साठीच्या पुढची असली तरी उड्डाणाचे तास त्या मानाने कमी भरलेत. पंखाच्या वरच्या पत्र्याची मर्यादा ३२,५०० ते ३७,५०० तासांची धरली जाते, तिथे पोहोचायला अजून बरंच अंतर आहे.

सांगाड्याआधी इंजिन संपलं. टीएफ३३ या इंजिनाचं उत्पादन १९८५ मध्ये बंद झालं, सुटे भाग शोधणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या एफ१३० इंजिनांचं कंत्राट झालं. ७६ विमानांना प्रत्येकी आठ म्हणजे ६०८, आणि जादा धरून ६५०, किंमत २.६ अब्ज डॉलरपर्यंत. हे इंजिन मूळचं उद्योगपतींच्या खासगी जेट विमानांचं. आठ लहान इंजिनांऐवजी चार मोठी का लावली नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर साधं आहे. मोठं इंजिन पंखाखाली टांगलं तर जमिनीला टेकायला येतं, आणि चारांतलं एक बंद पडलं तर विमान एका बाजूला इतकं ओढलं जातं की शेपटाचं सुकाणू ते सावरायला अपुरं पडतं. म्हणजे बाकीचं विमानच बदलावं लागलं असतं. आठ लहान ठेवली की जुनं गणित जसंच्या तसं राहतं. जुन्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्या कोणत्याही कारागिराला हा विचार लगेच कळेल. नवी इंजिनं, नवं रडार अशा सगळ्या बदलांनंतर या विमानाला बी-५२जे म्हणायचं ठरलं आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ॲरिझोनाच्या वाळवंटात डेव्हिस-मोंथान तळावर निवृत्त विमानं ठेवतात. हवा कोरडी असल्यामुळे गंज धरत नाही. तिथे अनेक वर्षं पडून असलेलं एक बी-५२ २०१५ मध्ये आणि दुसरं २०१९ मध्ये पुन्हा उडवून सेवेत घेतलं गेलं. अपघातात गमावलेल्यांची जागा त्यांनी भरली. उत्पादन बंद झालेल्या विमानाला शिल्लक साठा असणं हाच खरा विमा.

उणिवाही मोठ्या आहेत. रडारवर हे विमान डोंगराएवढं दिसतं. आत जागा अडचणीची. खालच्या मजल्यावर बसणाऱ्या दोघांची आसनं संकटात खालच्या दिशेने बाहेर फेकली जातात, म्हणजे विमान जमिनीजवळ असेल तर त्यांची सुटका होणं अवघड. आणि लांबच्या कामगिरीला हवेत इंधन देणाऱ्या टँकर विमानांचा ताफा लागतो. टँकर नसतील तर १९९१ च्या त्या ३५ तासांना काही अर्थ नाही.

धाकटी दोघं का मागे पडली

बी-१बी दिसायला देखणं, वेगवान, ओझं बी-५२ पेक्षाही जास्त नेणारं. पण त्याचे पंख उडताना पुढे-मागे सरकतात. त्या मोठ्या बिजागऱ्या, ती हायड्रॉलिक यंत्रणा, ते गुंतागुंतीचं पोट सांभाळायला माणसं आणि तास दोन्ही खूप लागतात. जमिनीलगत वेगाने घुसण्यासाठी बनलेलं हे विमान अफगाणिस्तान आणि इराकवर वर्षानुवर्षं मध्यम उंचीवर घिरट्या घालत राहिलं आणि त्यातच झिजलं. २०१९ मध्ये अशी वेळ आली की पूर्णपणे सज्ज असलेली बी-१बी हाताच्या बोटांवर मोजता येत होती. २०२१ मध्ये १७ विमानं एकदम काढून टाकली, म्हणजे उरलेल्या ४५ कडे नीट लक्ष देता येईल.

बी-२ ची गोष्ट वेगळी. १३२ बांधायची होती, २१ बांधली. संख्या इतकी कमी की प्रत्येक विमान दागिन्यासारखं जपावं लागतं, वातानुकूलित हँगरमध्ये. २००८ मध्ये पॅसिफिकमधल्या गुआम बेटावर दमट हवेमुळे संवेदकांत ओल गेली, संगणकाला चुकीचे आकडे मिळाले आणि उड्डाण करतानाच एक विमान कोसळलं. २०२२ मधल्या अपघातात सापडलेलं आणखी एक दुरुस्त न करण्याचं ठरलं. उरली १९.

पण इथे प्रामाणिकपणे थांबलं पाहिजे. २२ जून २०२५ ला सात बी-२ विमानांनी इराणच्या फोर्डो आणि नतांझ या अणुकेंद्रांवर प्रत्येकी सुमारे साडेतेरा टनांचे चौदा बॉम्ब टाकले. डोंगराखालच्या भुयारात पोहोचणारा तो बॉम्ब लक्ष्याच्या डोक्यावर जाऊनच टाकावा लागतो. लांब उभं राहून क्षेपणास्त्र सोडण्याने ते काम झालं नसतं. म्हणजे जुनं विमान पुरे आहे असं म्हणताना 'बहुतेक कामांना' हे शब्द सोडता येत नाहीत. जी थोडी कामं उरतात, ती फारच महत्त्वाची असतात. म्हणूनच अमेरिका बी-५२ ठेवते आणि बी-२१ देखील बांधते.

टीयू-९५: आराखडा म्हातारा, विमान तितकं नाही

विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, कुरसुरा पाणबुडीच्या समोरच्या बाजूला, टीयू-१४२ विमान संग्रहालय म्हणून ठेवलं आहे. टीयू-१४२ म्हणजे टीयू-९५ चंच पाणबुड्या शोधणारं भावंड. मी त्याच्या पंखाखाली उभा राहिलो तेव्हा पहिली नजर पंख्यांवर गेली. एकाच दांड्यावर चार पात्यांचे दोन पंखे, एकामागे एक, उलट दिशांना फिरणारे. पात्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत साडेपाच मीटरहून जास्त, म्हणजे दुमजली घराच्या उंचीएवढं अंतर. असे चार संच. प्रत्येक संचामागे पंधरा हजार अश्वशक्तीचं एनके-१२ इंजिन. हे इंजिन घडवताना युद्धानंतर सोव्हिएत संघात नेलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन अभियंतेही कामाला होते. पंख्याचं विमान असूनही ते जेटच्या जवळपास वेगाने जातं, आणि इंधन कमी खातं.

टीयू-९५ चं पहिलं उड्डाण १२ नोव्हेंबर १९५२ चं, म्हणजे बी-५२ चं ते जुळंच. पण इथे एक गफलत नेहमी होते. आज रशियाकडे जी टीयू-९५एमएस आहेत ती १९८१ ते १९९२ या काळात नव्याने बांधलेली आहेत. आराखडा आजोबांचा, धातू नातवाचा. 'सत्तर वर्षांचं विमान' असं त्याला म्हणणं चूक.

काम बी-५२ सारखंच. १९६१ मध्ये याच कुळातल्या एका विमानाने नोव्हाया झेमल्यावर जगातला सगळ्यात मोठा अणुबॉम्ब टाकला होता. प्रत्यक्ष युद्धात मात्र टीयू-९५ पहिल्यांदा उतरलं ते थेट नोव्हेंबर २०१५ मध्ये, सीरियात. २०२२ पासून ते रशियाच्याच आकाशात, अनेकदा कॅस्पियन समुद्रावर किंवा व्होल्गाच्या परिसरात राहून, युक्रेनच्या शहरांवर केएच-१०१ क्षेपणास्त्रं सोडत आलं आहे. त्या क्षेपणास्त्रांखाली घरं, वीजकेंद्रं आणि माणसं गेली. जुन्या विमानाची 'उपयुक्तता' हा शब्द लिहिताना हे मनात ठेवलं पाहिजे. कीव्हमधल्या माणसाला ते विमान कोणत्या सालचं आहे याने फरक पडत नाही.

हवेत कोणी हात लावू शकत नाही असं हे विमान जमिनीवर उघडं पडलं. डिसेंबर २०२२ मध्ये रशियातल्या एंगेल्स तळावर युक्रेनचे ड्रोन पोहोचले. २०२३ मध्ये उपग्रहाच्या चित्रांत त्याच तळावरच्या टीयू-९५ च्या पंखांवर गाड्यांचे जुने टायर रचून ठेवलेले दिसले, ड्रोनपासून बचावाचा उपाय म्हणून. आणि १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवून आणलेले लहान ड्रोन रशियाच्या आत खोलवर, सायबेरियातल्या बेलायापर्यंतच्या तळांवर सोडले. ४१ विमानांचा दावा झाला, उपग्रह चित्रांत त्याहून कमी दिसली. पण उघड्यावर उभी असलेली टीयू-९५ आणि टीयू-२२एम३ ही बॉम्बर विमानं जळून राख झालेली स्पष्ट दिसत होती. टीयू-९५ चा कारखाना १९९२ पासून बंद आहे. जळालेल्या विमानाच्या जागी दुसरं येणार नाही.

बी-५२ ला हाच धोका आहे. एवढं मोठं विमान झाकायला हँगर परवडत नाहीत म्हणून तेही बहुतेक उघड्यावरच असतं. फरक इतकाच की त्याच्या आजूबाजूला अजून युद्ध पोहोचलेलं नाही.

एच-६: म्हातारा फक्त आकार

यावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण टाळताही येत नाही, कारण आपल्या शेजारी हेच आहे. सोव्हिएत टीयू-१६ चा हा चिनी अवतार. चीनमध्ये जुळवलेलं पहिलं विमान १९५९ मध्ये उडालं, पूर्णपणे तिथेच बांधलेलं १९६८ मध्ये. खरा बदल २००७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एच-६के मध्ये झाला: नवी रशियन इंजिनं, नवी काचेच्या पडद्यांची केबिन, बॉम्बच्या कप्प्याच्या जागी इंधन, आणि पंखांखाली सहा क्रूझ क्षेपणास्त्रं. म्हणजे चिनी अभियंत्यांनी मान्यच केलं की याच्या पोटातून बॉम्ब टाकायचे दिवस संपले. २०१९ च्या संचलनात दिसलेल्या एच-६एन ला हवेत इंधन भरण्याची नळी आहे.

पल्ला आणि ओझं दोन्हींत हे बी-५२ च्या खूप मागे. पण एच-६के आणि त्यापुढची विमानं नव्या धातूची, कारखाना चालू, आणि मोडलं तर दुसरं बांधता येतं. टिकाऊपणाच्या कसोटीवर मी याला तिघांत पहिला नंबर देईन. जुलै २०२४ मध्ये रशियन टीयू-९५ आणि चिनी एच-६ अलास्काजवळ एकत्र गस्त घालताना दिसली. १९५२ मध्ये पहिल्यांदा आकाशात गेलेल्या दोन आराखड्यांची ती जोडी होती.

आपल्याकडचा अनुभव

आपण बॉम्बर वापरलेली आहेत, आणि चांगली वापरली आहेत. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा बॉम्बर विमानांनी गोव्यातल्या दाबोळी धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. नंतर आणखी आठ कॅनबेरांचा दुसरा हल्ला झाला. टर्मिनलची इमारत आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं मुद्दाम वाचवली होती. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी तात्पुरती बुजवली आणि त्याच दोन विमानांतून काही माणसं कराचीकडे निसटली.

दोन गोष्टी यातून घ्याव्यात. एक, त्या बारा विमानांनी मिळून जेवढं टाकलं त्याहून थोडं जास्तच एक बी-५२ एकटं नेतं. दुसरी, धावपट्टी बुजवता येते. १ मे १९८२ ला, अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धात, ब्रिटिशांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावरचं व्हल्कन बॉम्बर असेन्शन बेटावरून फॉकलंडला पाठवलं. २१ बॉम्बांपैकी एकच पोर्ट स्टॅनलीच्या धावपट्टीवर पडला, तोही खड्डा बुजवला गेला. त्या एका विमानाला तिथवर न्यायला अकरा टँकर विमानं लागली. वाचताना सगळं लक्ष व्हल्कनकडे जातं. मला त्या अकरांची आठवण राहते.

कॅनबेरा आपल्याकडे पन्नास वर्षं टिकलं, पण बॉम्बर म्हणून नव्हे. शेवटची वर्षं ते उंचावरून फोटो काढत होतं. २१ मे १९९९ ला कारगिलच्या वेळी बटालिकजवळ एका कॅनबेराच्या इंजिनावर खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र लागलं. उरलेल्या एका इंजिनावर वैमानिकाने ते श्रीनगरला उतरवलं. जुन्या बांधणीचा दणकटपणा आणि जुन्या विमानाला युद्धात पाठवण्याचा धोका, दोन्ही त्या एका उड्डाणात दिसतात.

टीयू-१४२ आठ घेतली. १९८८ मध्ये ती दाबोळीला आली, १९९२ मध्ये तमिळनाडूतल्या अरक्कोणमला हलली, आणि २९ मार्च २०१७ ला एकही अपघात न होता निवृत्त झाली. हिंद महासागरावर त्यांचा पल्ला आपल्याला खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. जागा पी-८आय ने घेतली, म्हणजे बोइंगच्या प्रवासी विमानावर बेतलेल्या विमानाने. इथेही वाहतुकीचं विमान आणि त्यात बसवलेली नवी यंत्रं, हाच मार्ग.

मग घ्यावं का?

माझं मत: नाही, आणि पैसे दुसरीकडे लावावेत.

कारणं पाहा. बी-५२ बनणं बंद, टीयू-९५ बनणं बंद. टीयू-१६० कझानला पुन्हा बनू लागलं आहे, पण रशियाची स्वतःचीच गरज भागत नाही, आणि सरकते पंख असलेलं एवढं मोठं विमान सांभाळणं काय असतं ते बी-१बी च्या हालांवरून दिसलं. पाच-दहा विमानं घ्यायची, त्यांच्यासाठी वेगळे तळ, वेगळे सुटे भाग, वेगळं प्रशिक्षण, आणि ती सगळी एकदोन तळांवर उघडी उभी. ज्याचे बरेच तळ सीमेपासून फार दूर नाहीत अशा देशाने हा धोका घेऊ नये.

ज्यांचं म्हणणं असतं की चीनकडे आहे म्हणून आपल्याकडे हवं, त्यांना मी भूगोल दाखवतो. अमेरिकेला पॅसिफिक ओलांडायचा असतो, चीनला गुआमपर्यंत पोहोचायचं असतं. आपली बहुतेक लक्ष्यं सुखोई-३० च्या पल्ल्यात, किंवा एकदा हवेत इंधन भरलं की पल्ल्यात येतात. आणि बॉम्बरचं आजचं काम जर क्षेपणास्त्र वाहून नेण्याचंच असेल, तर ते काम सुरू झालेलं आहे. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात सुखोईचं पोट मजबूत करून, विजेची जोडणी बदलून त्याखाली अडीच टनांचं ब्रह्मोस बसवलं गेलं. जून २०१६ मध्ये नाशिकच्याच आकाशात ते विमान क्षेपणास्त्रासह पहिल्यांदा उडालं, २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर ते डागलं गेलं, आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला त्याची स्क्वाड्रन उभी राहिली. एका सुखोईखाली एकच मावतं, बी-५२ सारखी वीस नाहीत, हे खरं. पण ही विमानं इथेच बांधली गेली, देशभर विखुरलेली असतात, आणि दुसरं काहीही काम करू शकतात.

ज्याला तरीही मोठं विमान हवंच वाटतं, त्याने समुद्राचा विचार करावा. तिथे पी-८आय ची संख्या वाढवण्याला माझा पाठिंबा आहे. आणि त्याहून आधी टँकर. हवाई दलाने २००३ पासून सहा इल-७८ घेतली. पुढची वीस वर्षं त्याच सहांवर भागवलं, आणि त्यातलीही सगळी एका वेळी उडण्याजोगी नसतात.

कॅनबेराला ११ मे २००७ ला आग्र्याच्या तळावर निरोप दिला गेला. इल-७८ चं घरही तेच. बॉम्बरसाठी कोणी पैसे मागत असेल तर त्याला आधी तिथे न्यावं, आणि धावपट्टीशेजारी उभे असलेले टँकर मोजायला सांगावेत.